मुलांचे हात मळू द्या: बालवाड्या चालवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
पूर्वप्राथमिक शाळा, बालवाड्या आणि पाळणाघरं चालवणारे सर्व संचालक, मुख्याध्यापक आणि शिक्षक यांस

सप्रेम नमस्कार.

‘मुलांचे हात आणि कपडे दिवसभर स्वच्छ राहतील याची आम्ही काळजी घेतो’, अशा अर्थाचं वाक्य अनेक शाळांच्या माहितीपत्रकात ठळक छापलेलं असतं. ते वाचून पालकांना हायसं वाटतं आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. पण तीन वर्षांच्या मुलाचे हात शाळेत येण्यापासून घरी जाईपर्यंत कोरडे आणि स्वच्छ राहिले, म्हणजे त्या दिवसात त्याने पाणी, माती, रंग, पीठ यांपैकी कशातच हात घातला नाही. बालवर्गावर शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्या अधिकाराने सांगते, असा दिवस त्या मुलाच्या दृष्टीने रिकामा जातो.

माझी मागणी एवढीच आहे की रोजच्या वेळापत्रकात सलग पाऊण तास असा असावा, ज्यात मुलं भिजतील, माखतील, सांडतील आणि त्याबद्दल कुणी त्यांच्यावर डोळे वटारणार नाही. आठवड्यातून एकदा फोटोपुरता ‘उपक्रम’ झाला, तर त्याने काही साधत नाही. पहिल्या दिवशी मूल वस्तूला नुसतं हात लावून बघतं, दुसऱ्या दिवशी ओततं, चेपतं, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याच्या डोक्यात काहीतरी शिजायला लागतं. नेमकं तेव्हाच आपण सामान कपाटात ठेवून देतो.

यावर पहिलं उत्तर येतं ते पैशांचं. ‘सेन्सरी प्ले’, म्हणजे इंद्रियांना अनुभव देणारा खेळ, या नावाने आता मोठा बाजार उभा आहे: खण पाडलेली टेबलं, रंगीत वाळूच्या पिशव्या, विषयवार भरलेले डबे. हे सगळं घेतल्याशिवाय असा खेळ सुरूच करता येत नाही, अशी शिक्षकांची समजूत करून दिली गेली आहे. ती साफ चुकीची आहे. ज्या प्ले-डोचे डबे आज जगभर विकले जातात, तो मुलांनी मळायचा रंगीत लगदा मुळात भिंतीला चिकटवलेल्या शोभेच्या कागदावरची (वॉलपेपरवरची) काजळी पुसायला बनवला होता. पीठ, पाणी आणि मीठ हाच त्याचा मुख्य ऐवज. कोळशाच्या शेगड्या मागे पडल्या, काजळी धरेनाशी झाली आणि माल पडून राहू लागला. तेव्हा एका बालवाडीच्या शिक्षिकेने तो मुलांच्या हातात दिला आणि १९५६ मध्ये तो खेळणं म्हणून बाजारात आला. म्हणजे ज्याला आपण महागडं खेळणं समजतो, त्याची सुरुवात एका शिक्षिकेच्या साध्या निरीक्षणात आहे.

आणखी एक दाखला देते, कारण तो पत्रातूनच घडला आहे. १८८५ मध्ये डॉ. मारी झाकशेव्स्का यांनी बर्लिनच्या बागांमध्ये मुलांसाठी टाकलेले वाळूचे ढीग पाहिले आणि बॉस्टनमधल्या एका आरोग्यविषयक संस्थेला पत्राने ते कळवलं. त्या संस्थेने बॉस्टनमध्ये वाळूचा एक ढीग टाकला. मुलं तिथे खोरी आणि बादल्या घेऊन जमली. अमेरिकेतल्या सार्वजनिक क्रीडांगणांचा इतिहास या ढिगापासून सांगितला जातो. सुरुवातीला ना झोपाळा होता ना घसरगुंडी. होती ती वाळू आणि जवळ बसलेली मोठी माणसं.

आता या खेळाने साधतं काय, ते सांगते. ‘इंद्रियांचा विकास होतो’ एवढं म्हणून थांबलं तर पालकांना काहीच कळत नाही, आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही नाही. माणसाच्या एका तळहातात आणि बोटांत मिळून स्पर्श टिपणारे सुमारे १७ हजार मज्जातंतू असतात आणि बोटांच्या टोकांशी त्यांची सर्वाधिक दाटी असते. दाब, थरथर, निसटणं, ताण यांची वेगवेगळी खबर ते मेंदूला देत असतात. गुळगुळीत प्लास्टिकचं खेळणं यातली फार थोडी खबर पुरवतं आणि मोबाइलचा काचेचा पडदा तर त्याहून कमी. ओली माती एका मुठीत हे सगळं देते.

दुसरी गोष्ट भाषेची. आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी १६ महिन्यांच्या मुलांसमोर १४ मऊ-पातळ पदार्थ ठेवले आणि त्यांना खोटी नावं दिली. थोड्या वेळाने तेच पदार्थ वेगळ्या आकारात समोर ठेवून ओळखायला लावले. ज्यांनी ते पदार्थ चिवडले, फासले, चाखले, त्यांना ती नावं जास्त चांगली लक्षात राहिली. यात आश्चर्य नाही. पेल्याचा आकार बघून पेला ओळखता येतो, पण खिरीसारख्या वस्तूला स्वतःचा आकारच नसतो. ती हातानेच ओळखावी लागते. बुळबुळीत, खरखरीत, भुसभुशीत, लिबलिबीत, चिकट, दाणेदार, पचपचीत हे शब्द चित्रकार्डावरून शिकवून बघा. शिकवता येत नाहीत. ज्याच्या बोटांना ते एकदा लागले, त्याला शिकवावे लागत नाहीत.

तिसरी गोष्ट गणिताची आणि विज्ञानाची. बुटक्या, रुंद भांड्यातलं पाणी उंच, निमुळत्या भांड्यात ओतलं की ते ‘जास्त झालं’ असं सहा-सात वर्षांखालच्या बहुतेक मुलांना वाटतं, हे मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी दाखवून दिलं. ही समज समजावून सांगून येत नाही. शेकडो वेळा ओतून, सांडून, परत भरून ती आतून पक्की होत जाते. म्हणून मला विचाराल तर रोजच्या खेळात पाण्याला पहिला मान.

पाण्याला लागतं तरी काय? एक पसरट टब, निरनिराळ्या मापांची भांडी, चाळणी, नरसाळं, स्पंज. प्लास्टिकची बाटली मधोमध कापली की नरसाळं आणि पेला दोन्ही मिळतात; कापलेल्या कडेला चिकटपट्टी मात्र लावा. बाटलीच्या तळाला एक भोक आणि बाजूला वेगवेगळ्या उंचीवर तीन भोकं पाडून द्या आणि कुठली धार लांब जाते ते मुलांना शोधू द्या. स्पंज एका टबातून दुसऱ्यात पाणी नेण्यासाठी द्या. तो पिळताना मुठीतली जी ताकद तयार होते, तीच पुढे पेन्सिल धरायला लागते. बाहुल्या धुवायला द्या, दगड धुवायला द्या, जेवणानंतरचे चमचे धुवायला द्या. रुंद ब्रश आणि नुसतं पाणी देऊन बाहेरची भिंत ‘रंगवायला’ सांगा. उन्हात ती वाळते, रंग नाहीसा होतो, मुलं पुन्हा रंगवतात. पाणी कुठे गेलं, हा प्रश्न आपण विचारायची गरज पडत नाही, तेच विचारतात.

पाण्याचाच पुढचा खेळ बर्फाचा. वाडग्यात पानं, फुलं, मोठे शिंपले घालून पाणी गोठवा आणि तो गोळा ताटात काढून मुलांपुढे ठेवा. सोबत कोमट पाणी, मीठ आणि चमचा. आतली वस्तू सोडवण्यासाठी मुलं जी खटपट करतात ती बघण्यासारखी असते. शीतपेटीतून काढलेला बर्फ लगेच देऊ नका, तो ओल्या बोटांना चिकटतो. पृष्ठभाग ओला दिसू लागला की द्यावा.

मातीबद्दल लिहायला लागले तर पत्र संपायचं नाही. अंगणाच्या कोपऱ्यात जुनी पातेली, डाव, झारे, मोडकी किसणी सोडून बाकी सगळी निरुपयोगी भांडी मांडा, बाजूला माती आणि पाण्याची बादली. झालं मातीचं स्वयंपाकघर. तिथे मुलं तासभर रमतात, भांडतात, वाटण्या करतात आणि एकमेकांना जेवायला वाढतात. पाककृती सांगताना जी वाक्यं त्यांच्या तोंडून येतात, ती कुठल्याही भाषेच्या तासाला येत नाहीत. कोरडी वाळू आणि ओली वाळू शेजारी शेजारी ठेवा. कोरडी बोटांतून निसटते, ओलीचा किल्ला उभा राहतो, आणि फार पाणी झालं की तोच किल्ला बसतो. किती पाणी पुरे, याचा शोध मुलांनी लावायचा. आपण ‘बास, बास’ म्हणायचं नाही.

मार्गारेट आणि रेचेल मॅकमिलन या बहिणींनी १९१४ मध्ये लंडनच्या डेटफर्ड भागात गरीब वस्तीतल्या मुलांसाठी उघड्यावरची बालशाळा सुरू केली. बाग हाच तिचा गाभा होता. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी जे हाती पैसा नसताना जमलं, ते आज जमणार नाही असं मी मानायला तयार नाही.

मळण्याचा लगदा वर्गात बनवायचा असेल तर माप असं: दोन वाट्या पीठ, एक वाटी मीठ, दोन वाट्या पाणी, दोन मोठे चमचे तेल आणि दोन लहान चमचे क्रीम ऑफ टार्टर (केक-बिस्किटांत घालतात ती आंबट पूड), ते नसेल तर लिंबाचा रस. सगळं एकत्र करून मंद आचेवर ढवळायचं. भांड्याची कड सोडून गोळा झाला की उतरवायचं आणि निवल्यावर चांगलं मळायचं. घट्ट झाकणाच्या डब्यात काही आठवडे टिकतो. शिजवण्याचा आग्रह धरते त्याला कारण आहे. कच्च्या पिठात रोगजंतू असू शकतात. २०१६ मध्ये अमेरिकेत पिठातून ई. कोलायची साथ पसरली, तेव्हा तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाने मुलांना कच्च्या पिठाच्या गोळ्याशी खेळू देऊ नका असं बजावलं होतं. यात मीठही भरपूर आहे, त्यामुळे खाण्याजोगा समजू नये. अजून सगळं तोंडात घालणाऱ्या मुलांना तो देऊच नका.

कॉर्नफ्लोअरचा खेळ मात्र प्रत्येक शिक्षकाने आधी स्वतः करून बघावा. दोन भाग कॉर्नफ्लोअर, एक भाग पाणी. मुठीत आवळलं की घट्ट गोळा होतो, मूठ उघडली की ओघळून जातं. फटका मारला तर टणक लागतं, बोट हळूच टेकवलं तर आत जातं. कितीही मोठ्या माणसाचे डोळे इथे लकाकतात. उरलेलं मिश्रण मोरीत ओतू नका, ते तळाशी बसून नळी तुंबवतं. सुकायला ठेवा, मग खरवडा आणि कचऱ्यात टाका.

बोटांनी रंगवायचा रंगही याच पुड्यातून होतो. पाव वाटी कॉर्नफ्लोअर एक वाटी पाण्यात कालवून गॅसवर दाट होईपर्यंत ढवळा, निवल्यावर खाद्यरंग मिसळा. रोममध्ये शाळा चालवणाऱ्या अमेरिकी शिक्षिका रूथ फेसन शॉ यांनी बोटांच्या चित्रकलेला शाळेत मान मिळवून दिला. जखमेवर आयोडीन लावायला पाठवलेला एक मुलगा ते बोटांनी भिंतीवर फासत बसला होता, आणि ते पाहून त्यांना कल्पना सुचली, अशी हकीकत सांगतात. दुसऱ्या कुणी त्याला शिक्षा केली असती.

कागद आपल्याकडे सगळ्यात जास्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. जुनी वर्तमानपत्रं फाडू द्या, टराटरा, मन भरेपर्यंत. ते तुकडे रात्रभर भिजत घातले की दुसऱ्या दिवशी लगदा तयार. पिळा, थापा, वाडग्यावर लिंपा, वाळवा. मोठ्या खोक्यांचं तर काय सांगू? साबणाचा फेस हवा असेल तर डोळ्यांना न झोंबणारा लहान मुलांचा शाम्पू थोड्या पाण्यात घालून रवीने घुसळा. दाढीच्या फेसाचे डबे आणायचं कारण नाही.

साइमन निकल्सन यांनी १९७१ मध्ये सुट्या वस्तूंचा विचार मांडला: जागेत हलवता, जोडता, मोडता येतील अशा वस्तू जितक्या अधिक, तितकी मुलांची कल्पकता अधिक. इटलीतल्या रेजिओ एमिलिया शहरात १९९६ पासून रेमिदा नावाचं केंद्र कारखान्यांतले निरुपयोगी तुकडे गोळा करून शाळांना देतं. असं एखादं केंद्र जवळ नसेल तरी काही अडत नाही. शिंपी, सुतार, छापखाना, खोकी बनवणारे यांच्याकडे एक फेरी मारली की वर्षाचं सामान जमतं.

आता सुरक्षिततेबद्दल. इथे मी तडजोड करणार नाही आणि तुम्हीही करू नका. दोन इंच पाण्यातही लहान मूल बुडू शकतं. पाण्याचा खेळ चालू असताना एक मोठं माणूस तिथून हलणार नाही आणि खेळ संपताच टब उपडा होईल. तीन वर्षांखालच्या मुलांसमोर बारीक वस्तू ठेवायच्या नाहीत. खेळण्यांच्या तपासणीत यासाठी ३१.७ मिलीमीटर व्यासाची नळी वापरतात. आपल्याला स्वच्छतागृहातल्या कागदाच्या गुंडाळीची आतली नळी चालेल. तिच्यातून जे आरपार जाईल ते लहानांना नाही. कडधान्यं नाकाकानात जाऊन ओलाव्याने फुगतात, तीही मोठ्या गटासाठीच ठेवावीत. बोरॅक्स घातलेलं स्लाइम (चिकट, ताणला जाणारा लगदा) त्वचेला त्रास देतं. आणि पाण्यात टाकल्यावर फुगणारे ते रंगीत मणी शाळेत आणूच नका. ते मूळ आकाराच्या शंभर पटींपर्यंत वाढू शकतात. मुलाने गिळले तर आतड्यात फुगून अडकतात आणि शस्त्रक्रियेची वेळ येते. २०२३ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने त्याबद्दल इशारा दिला आणि तिथल्या बड्या विक्रेत्यांनी मुलांसाठी ते विकणं बंद केलं. महाग संचातली वस्तू आपोआप सुरक्षित ठरत नाही, हे यावरून ध्यानात घ्यावं. सुटी चमकीही नको. ते बारीक प्लास्टिकच आहे, आणि युरोपीय संघाने त्याच वर्षी तिच्यावर बंदी आणली. वाळूचा हौद रोज झाका, नाहीतर मांजरं त्यात घाण करतात. माती घेताना तिच्यावर कीटकनाशक मारलेलं नाही एवढं विचारा.

अन्नाशी खेळावं का, हा प्रश्न काही शिक्षक मला पोटतिडिकीने विचारतात आणि तो रास्त आहे. जिथे एखाद्या मुलाच्या घरी जेवणाची भ्रांत आहे, तिथे धान्याचा टब भरून ओतायला देणं मला पटत नाही. सुदैवाने त्यावाचून काहीही अडत नाही. वाळू, माती, पाणी, कागदाचा लगदा, लाकडाचा भुसा, पानं यांतून तेच सगळं मिळतं. मुदत उलटलेलं पीठ असेल तर त्याचा लगदा करा, नसेल तर चिकणमाती आहेच.

काही मुलं हात घालायला तयार होत नाहीत. बोटांना ओलं लागलं की रडतात, हात झटकतात. त्यांचा हात धरून रंगात बुडवणं हा अत्याचार आहे. मी हा शब्द विचार करून वापरते आहे. त्यांना चमचा द्या, ब्रश द्या, जवळ बसून नुसतं बघू द्या. जाड, बंद होणाऱ्या पिशवीत रंग भरून, तिच्या चारही कडा चिकटपट्टीने टेबलावर पक्क्या करा. मूल वरून दाबेल, रंग मिसळताना पाहील आणि हात कोरडा राहील. अजून रांगणाऱ्या बाळांनाही हा खेळ चालतो, तुमची नजर त्यांच्यावर असली म्हणजे झालं. आपल्या गतीने मूल एक दिवस एक बोट पुढे करतं. ही नावड फारच तीव्र असेल, कपडे, जेवण, आंघोळ सगळीकडे आडवी येत असेल, तर पालकांना बालरोगतज्ज्ञ किंवा व्यवसायोपचार तज्ज्ञांकडे जायला सांगा.

खरा अडथळा सफाईचा आहे, हे मला ठाऊक आहे. बहुतेक शाळांत मुलं पसारा करतात आणि मदतनीस ताई तो आवरतात. त्यांच्या कामाचे तास तेवढेच राहतात आणि फरशी पुसायचं काम दुप्पट होतं. मग त्या कुरकुर करतात, शिक्षक बिचकतात आणि टब परत माळ्यावर जातो. यात त्या ताईंचा दोष नाही, दोष नियोजनाचा आहे. म्हणून पाऊण तासातली शेवटची पंधरा मिनिटं आवरण्यासाठीच ठेवा आणि ती खेळाचाच भाग माना. चार वर्षांची मुलं फडकं पिळू शकतात, सांडलेलं पुसू शकतात, भांडी रांगेत पालथी घालू शकतात. सांडण्याइतकीच त्यांना पुसण्याचीही हौस असते. जमिनीवर जुनी चादर किंवा ताडपत्री, शक्य असेल तेव्हा खेळ बाहेर, दाराशी पाण्याची बादली आणि पायपुसणं. एवढी मांडणी आधी केली की अर्धी सफाई वाचते. मदतनीस ताईंना या वेळेचा मोबदला मिळायला हवा आणि खेळ कुठला करायचा हे ठरवताना त्यांनाही विचारायला हवं.

पालकांशी आधीच बोला. एक जुना, मळला तरी चालेल असा सदरा दप्तरात ठेवायला सांगा आणि माहितीपत्रकातलं ते वाक्य काढून टाका. त्याऐवजी लिहा, ‘आमच्याकडे मुलं रोज माखतात.’ काही पालक नाराज होतील. त्यांना वर्गात बोलवा, बाह्या वर करून टबापाशी बसवा. ज्याने स्वतः कॉर्नफ्लोअर मुठीत आवळून सोडलं आहे, तो फारसा वाद घालत नाही.

एक विनंती खास शिक्षकांना. ‘हे काय केलंस?’ असं विचारू नका. तीन वर्षांचं मूल काही ‘करत’ नसतं. ते थापत असतं, घसरवत असतं, बघत असतं. तुम्ही विचारलं की ते तुमच्या समाधानासाठी ‘घर’ म्हणून सांगतं आणि पुढच्या वेळी खरंच घर करायला बसतं. भिंतीवर लावायला एकसारखी वीस फुलपाखरं तयार झाली नाहीत तरी शाळेचं काही बिघडत नाही. गप्प बसून बघा. मग कधीतरी एखादं वाक्य टाका: ‘तुझं पाणी खालून झिरपतंय.’ तेवढं पुरतं.

मुलांच्या खेळण्याच्या हक्काला संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेत ३१ व्या कलमाने जागा दिली आहे. तुमच्या वेळापत्रकात ती आहे का, ते आज तपासा. पुढचं सत्र सुरू होण्याआधी तीन गोष्टी ठरवा: रोजचा पाऊण तास कुठला, त्या वेळी टबापाशी कोण बसणार आणि आवरायला किती वेळ. या तिन्हींची उत्तरं लिहून शाळेच्या फलकावर लावा आणि पहिल्या पालकसभेत वाचून दाखवा.

आपली नम्र,
एक बालशिक्षिका